हप्त्याआधीची गाडी

आमच्या वयाच्या माणसांना, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्यांना, घरातली पहिली गाडी कुठली होती ते विचारून बघा. उत्तर बहुतेक वेळा आधीच्या मालकासकट येतं. "डॉक्टरांची फियाट." "साहेबांची हेराल्ड." "मामांनी काढलेली अँबॅसिडर." गाडी आपल्या दारात येऊन दहा वर्षं झाली तरी आळीत तिची ओळख तीच. आमच्या चिंचवडच्या घरी आली तीही अशीच, डॉक्टरांची प्रीमियर पद्मिनी. मूळची पांढरी, उन्हाने पिवळट पडलेली. दुसऱ्याची वापरलेली गाडी घेतली याचा कमीपणा त्या घरात कुणाला वाटल्याचं मला आठवत नाही. यंदा भाचीच्या पहिल्या गाडीवरून घरात जी चर्चा झाली, ती ऐकताना हेच सारखं मनात येत होतं.

नवी घ्यायची म्हटलं तरी तेव्हा मिळत कुठे होती? बंगालमध्ये उत्तरपाड्याला अँबॅसिडर, मुंबईत कुर्ल्याला फियाट आणि मद्रासला स्टँडर्ड, एवढाच काय तो गाड्यांचा बाजार. कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते सरकारचा परवाना ठरवणार. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वाट बघायची. स्कूटरचीही तीच गत. चेतक तयार व्हायची आमच्या घरापासून जवळच, आकुर्डीला. पण यादीत आपलं नाव वर सरकायला वर्षांमागून वर्षं जायची. मुलगी शाळेत असतानाच जावयासाठी स्कूटर नोंदवून ठेवणारे आमच्या शेजारी होते. परदेशात कुणी नातेवाईक असला आणि त्याने डॉलरमध्ये पैसे भरले, तर रांग टाळता यायची. त्यामुळे अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या काकांच्या पत्रात एक ओळ स्कूटरची असायचीच.

या टंचाईने एक उलटंच गणित आमच्या मोठ्यांच्या डोक्यात बसवलं. हाती आलेली नवी चेतक दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या किमतीपेक्षा जास्तीला विकली जायची. त्या वरच्या पैशांना 'ऑन' म्हणत. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हातात दिली. पन्नास हजारांच्या आसपास किंमत असलेल्या त्या छोट्या गाडीवरही पुढे काही वर्षं ऑन चालला. म्हणजे गाडी वापरायची आणि वर चार पैसे सुटायचे. ज्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलं, तिला गाडी ही जमिनीसारखी मालमत्ता वाटली तर नवल नाही. हे एवढं सांगायचं कारण असं, की ती समजूत अजून घराघरात जिवंत आहे. नातवाने कर्ज काढून नवी कोरी गाडी घ्यायची म्हटली की आजोबा आनंदाने मान हलवतात, कारण त्यांच्या मनात अजून तो १९८५ चा बाजार आहे. तो बाजार मात्र नव्वदच्या दशकात परवाने गेले तेव्हाच संपला.

आमच्या फियाटचे पैसे कसे उभे राहिले, ते आम्हा भावंडांना नीट ठाऊक आहे. कारण ते सगळ्यांसमोर, जेवणाच्या पाटावर ठरलं. नानांनी, म्हणजे वडिलांनी, फंडातून उचल घेतली. अण्णांनी, म्हणजे मोठ्या काकांनी, शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं. काकूची भिशी त्याच सुमारास लागली. दोघा भावांमध्ये मिळून एक गाडी. पतपेढीच्या कर्जाला दोन जामीनदार लागत, आणि जामीन राहणारे दोघेही अण्णांच्याच शाळेतले. हप्ता चुकला तर पतपेढीआधी शिक्षकखोलीत मान खाली घालावी लागेल, हे अण्णांना पक्कं माहीत होतं. त्यामुळे कर्ज घेतलं ते बेताचं, दीड-दोन वर्षांत फिटेल एवढंच. उरलेले सगळे पैसे डॉक्टरांच्या टेबलावर मोजून दिले.

ती गाडी चालू करणं हा घरातला सकाळचा एक विधीच होता. आधी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये तांब्याने पाणी. मग तेलाची पट्टी काढून, पुसून, परत घालून बघायची. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरायची. ती काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायची. ते फडकं आईच्या जुन्या सुती साडीचं, आणि त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायची कुणाची छाती नव्हती. मग चोक ओढायचा, क्लच दाबायचा आणि चावी फिरवायची. इंजिन दोन-तीनदा खोकायचं. चौथ्यांदा पकडलं की चोक हळूहळू आत ढकलायचा. एकदम ढकलला तर पुन्हा पहिल्यापासून. प्लगवर काजळी धरली असेल तर पॉलिश पेपरने घासायची. उन्हाळ्यात चढावर पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडली, की त्या पंपावर ओलं फडकं गुंडाळून सगळ्यांनी झाडाखाली बसायचं. बोरघाटात हे हमखास व्हायचं. शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी थांबायची. नाणं ठेवायला आणि रेडिएटर निवायला, दोन्हींसाठी. एक्स्प्रेस वे व्हायच्या आधी त्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटींची रांगच असे, आणि एकाकडचं पाणी संपलं तर दुसरा न मागता डबा पुढे करी.

हे सगळं आठवून मला बरं वाटतं. पण ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. त्या फियाटला सीटबेल्ट नव्हते. पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघं-तिघं बसायचो, आणि मधल्याच्या समोर डॅशबोर्डचा पत्रा. ब्रेक पावसात किती धरतील याचा भरवसा नसायचा. आम्ही सुखरूप मोठे झालो त्यात रस्त्यावर गाड्या कमी होत्या याचा वाटा मोठा आहे.

त्या गाडीने आमच्या घराला दिलं ते वेगळंच. आमच्या घरातली जवळजवळ सगळी माणसं त्याच एका गाडीवर शिकली. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर नाना एकेकाला घेऊन जायचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असायचा, तो चाचपडत शोधावा लागे. दादाने पहिल्याच आठवड्यात फाटकाच्या खांबाला मडगार्ड घासलं. नानांनी उतरून बघितलं, बोटाने पोचा चाचपला आणि म्हणाले, "डॉक्टरांनी याच्या शेजारीच एक पाडून ठेवलाय. चल, परत रिव्हर्स घे." टिंकरने तो पोचा लाकडी हातोडीने ठोकून काढला आणि त्यावर रंगाचा हात फिरवला. तो रंग मूळ रंगाशी कधी जुळला नाही आणि कुणी जुळवायला सांगितलाही नाही.

आणि त्याच गाडीवर आई शिकली. तेव्हा ती चाळिशीच्या आसपास होती. आमच्या ओळखीच्या घरांमध्ये गाडी चालवणारी बाई एखादीच, ती बहुधा डॉक्टर किंवा कारखानदाराची बायको. आईने एका रविवारी सहज विचारलं, "अहो, मी बसून बघू का?" नाना म्हणाले, "बस की." एवढंच. तीही घासली, तीही नाल्याच्या कठड्याला टेकवून आली, चढावर तिचीही गाडी मागे सरकली. हाफ क्लचवर गाडी धरायला ती आमच्या घरामागच्या चढावर शिकली; पदर कमरेला खोचून, घाम पुसत, पुन्हा पुन्हा. पुढे अण्णांना मध्यरात्री छातीत दुखू लागलं आणि नाना रात्रपाळीला होते, तेव्हा दवाखान्यात त्यांना घेऊन गेली ती आईच. माझ्या वयाच्या कितीतरी मैत्रिणींच्या आया अशाच कुठल्या तरी जुन्या, रंग उडालेल्या गाडीवर शिकल्या आहेत. सांगलीची एक मैत्रीण सांगते, तिच्या आजीने वयाच्या पन्नाशीत स्टँडर्ड हेराल्ड चालवली, कारण ती गाडी आणखी बिघडू शकेल असं घरात कुणाला वाटतच नव्हतं. जुन्या गाडीवर सगळ्यांचा हक्क होता. ज्याला शिकायचं त्याने किल्ली उचलावी.

नवी गाडी आली ती १९९९ मध्ये. दादाला नोकरी लागली होती. आदल्या वर्षीच सँट्रो आणि मॅटिझ बाजारात आल्या होत्या, आणि वर्ष संपता संपता टाटांनी इंडिका आणली. ती तर आमच्या पिंपरीचीच; तिच्या नोंदणीची सगळ्या परिसरात कोण धामधूम होती. कर्ज देणारे एजंट घरी येऊन बसायला लागले. पतपेढीची पायरी चढायची गरज उरली नाही, जामीनदारांपुढे शब्द टाकायची गरज उरली नाही. आमच्याकडे आलेल्या एजंटने दहा टक्के व्याज सांगितलं. अण्णा गणिताचे मास्तर. त्यांनी कागद ओढला आणि विचारलं, "दहा टक्के कशावर? दरवर्षी उरलेल्या मुदलावर, की पहिल्या दिवसाच्या मुदलावर शेवटपर्यंत?" ते शेवटपर्यंत होतं, त्याला फ्लॅट रेट म्हणत. दोन लाखांचं कर्ज, पाच वर्षं, दहा टक्के फ्लॅट, म्हणजे व्याज एक लाख आणि हप्ता पाच हजार. उरलेल्या मुदलावर आकारणी धरली तर हाच दर सतरा टक्क्यांच्या वर जातो. अण्णांनी ते मांडून दाखवलं. तरी गाडी घ्यायची ठरलीच होती.

त्या कर्जासाठी पुढच्या तारखांचे चेक द्यावे लागायचे. पाच वर्षांचे साठ. दादा जेवणाच्या टेबलावर बसून सह्या करत होता आणि वहिनी एकेका चेकवर तारीख घालत होती. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. २००० साल आलं, २००१ आलं, २००२ आलं. मधेच दादाचा हात थांबला आणि तो नुसता त्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. पाच वर्षांचा पगार पसरलेला त्याला एका टेबलावर दिसत होता. चेक वटला नाही तर फौजदारी होते, हे एजंटने जाताना आठवणीने सांगितलं होतं.

पाडव्याला गाडी आली. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला नेली, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूचा हार. आई पुढच्या सीटवर बसली, पण स्टिअरिंगवर काही बसली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. दादाने एकदा किल्ली पुढे केली तर म्हणाली, "नको रे, हप्ते चालू आहेत. घासली बिसली तर?" फियाट तोवर भंगारात गेली होती. पाच वर्षांनी हप्ते संपले तेव्हा आईची सवय गेली होती, पुण्याची वाहतूक वाढली होती आणि गुडघे दुखायला लागले होते. मध्यरात्री अण्णांना घेऊन सुसाट गेलेली बाई पुन्हा कधी गाडी चालवू शकली नाही. वहिनीही त्या गाडीवर शिकली नाही. गाडीचा एक रखवालदार ठरला, दादा. बाकी घर त्याच्या शेजारी आणि मागे बसलं. यात दोष कुणाचाच नाही. पण त्या साठ चेकांनी घरातल्या दोन बायकांच्या हातून स्टिअरिंग काढून घेतलं, हे मला अजून सलतं.

भाची, म्हणजे दादाची मुलगी, हिंजवडीला नोकरी करते. तिला गाडी हवी होती आणि तिचं लायसन्स नवंकोरं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या, शेजारच्या बाजूलाही ब्रेक असलेल्या गाडीवर शिकलेली. एकटीने रस्त्यावर कधी नाही. तिने पसंत केली होती शोरूममध्ये साडेसात लाखांची गाडी. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर एकरकमी भरावा लागतो. तो, विमा आणि बाकीचं धरून रक्कम नऊ लाखांच्या घरात जात होती. सात लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी मंजूर झालं होतं, मोबाइलवर, काही मिनिटांत. हप्ता ११,२६२ रुपये. दादा खूश होता. "आम्ही जुन्यात दिवस काढले, हिने कशाला काढायचे?" असं तो म्हणाला, आणि त्यामागचा जीव मला कळत होता. २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने भावही उतरलेले होते. सगळं कसं जुळून आलं होतं.

मी कागद ओढला. अण्णा आता नाहीत. सात वर्षांत ती बँकेला नऊ लाख सेहेचाळीस हजार देणार होती, म्हणजे व्याज दोन लाख सेहेचाळीस हजार. तेच कर्ज पाच वर्षांत फेडलं तर हप्ता साडेचौदा हजार होतो आणि व्याज पाऊण लाखाने कमी होतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते तिसऱ्या वर्षाच्या शेवटचं चित्र. तोवर तिने हप्त्यांपोटी चार लाखांच्या वर भरलेले असतील, तरी साडेचार लाख देणं उरलेलं असेल. आणि विमा कंपन्यांच्या कोष्टकात तीन वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत ४० टक्क्यांनी घटवलेली असते. साडेसात लाखांवर ती येते साडेचार लाख. म्हणजे तीन वर्षं राबून पैसे भरायचे आणि हाती काय, तर जेवढी गाडी तेवढंच कर्ज. मधे नोकरी बदलावी लागली, कुठे परगावी जावं लागलं, गाडी विकावी लागली, तर आलेले पैसे जसेच्या तसे बँकेला. दादाने ते आकडे दोनदा वाचले. गाडी म्हणजे मालमत्ता हे नानांचं वाक्य त्याच्याही बोलण्यात असतं.

पैशांइतकीच मला काळजी होती तिच्या हाताची. नवशिका हात घासतोच. आपल्या सोसायट्यांचे चिंचोळे रॅम्प, खांबांमधली पार्किंगची जागा, भुमकर चौकातली संध्याकाळ. यांत पहिली दोन वर्षं एकही ओरखडा न येता गेली असं सांगणारा मला अजून भेटायचाय. नव्या गाडीच्या बंपरला ओरखडा आला की माणूस विम्याकडे धावतो. मग दाव्याविना गेलेल्या वर्षासाठी मिळणारी सवलत जाते, जी पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचते. आणि त्याहून वाईट म्हणजे माणूस धास्तावतो. आमच्याच सोसायटीत दोन तरुणांच्या नव्या गाड्या आच्छादन घालून उभ्या असतात आणि ते दोघे ऑफिसला बसने जातात, कारण गर्दीत न्यायचा धीर होत नाही. हप्ता मात्र दर पाच तारखेला खात्यातून आपोआप जातो. दादाला निदान साठ चेक समोर दिसले होते. आताच्या मुलांनी एकदा मोबाइलवर मान्यता दिली की संपलं. सात वर्षं एकत्र त्यांच्या डोळ्यांसमोर येतच नाहीत.

भाचीने ऐकून घेतलं आणि मग तिने विचारलेला प्रश्न योग्य होता. "आत्या, तुमच्या फियाटला एअरबॅग होती का? मी हायवेवरून येणार-जाणार. जुन्या गाडीत मला काही झालं तर वाचवलेल्या व्याजाचं काय करू?" यावर जुन्या आठवणी सांगून भागणार नव्हतं. तिचं म्हणणं खरं होतं, आणि स्वस्तात मिळते म्हणून दहा-बारा वर्षांची गाडी नवशिक्या मुलीच्या हाती द्यायला माझाही विरोध आहे. पण जुनी म्हणजे किती जुनी, याला आज चांगलं उत्तर आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि मागचे सेन्सर. २०२१ संपेपर्यंत पुढच्या दुसऱ्या सीटलाही एअरबॅग लागू झाली. म्हणजे २०२२ ची गाडी बघितली, तर नानांनी कल्पनाही केली नसेल एवढं संरक्षण तिच्यात असतं आणि किंमत निम्म्याजवळ आलेली असते. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा मोठा घास आपल्या खिशातून दिलेला असतो. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो, हेही मी तिला सांगितलं. म्हणून कर्ज शक्यतो नकोच, आणि घ्यायचंच तर अण्णांनी घेतलं होतं तेवढ्या मुदतीचं.

तिने दोन दिवस विचार केला. वहिनी या सगळ्यात गप्प होती, नेहमीप्रमाणे. तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, "आत्या, शनिवारी गाडी बघायला येशील का?"

गाडी बघण्यात आमच्या घराचा हातखंडा आहे आणि त्यात काही बदललेलं नाही. सकाळी जायचं, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर का, ते विचारायचं. तेलाची पट्टी काढून बघायची. दारांच्या रबराखाली रंगाचा थर वेगळा दिसतो का ते बघायचं, बॉनेटचे नटबोल्ट पान्याने खोललेले आहेत का ते बघायचं. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीखालचा पत्रा चाचपायचा. मागून ठोकलेली गाडी तिथे सापडते. सर्व्हिसची नोंद आणि काट्यावरचे किलोमीटर जुळतात का हे आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून कळतं. ही सोय नानांच्या वेळी नव्हती, तेव्हा डॉक्टरांच्या शब्दावर भागलं. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, असल्यास बँकेचा ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. आणि विमा आपल्या नावावर करायचा तो चौदा दिवसांच्या आत. हे शेवटचं पुष्कळजण विसरतात आणि अपघाताच्या वेळी अडकतात.

मिळालेली गाडी २०२२ ची, एका शिक्षिकेची. डाव्या दारावर एक लांब ओरखडा आधीपासून आहे. मालकीणबाई तो रंगवून द्यायला तयार होत्या. भाचीने नको म्हटलं आणि त्याचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. स्वतःची शिल्लक तिने घातली, थोडे पैसे दादाने उसने दिले. ते ती दर महिन्याला परत करते आणि दादा ते वहीत लिहून ठेवतो. नवी गाडी ती घेणारच आहे, चार-पाच वर्षांनी. तेव्हा तिचा हात बसलेला असेल, आणि हप्त्याइतकी रक्कम आतापासून दरमहा बाजूला टाकली तर कर्जही थोडकंच लागेल. उरलेल्या पैशांतून तिने चारही टायर बदलले आणि एका प्रशिक्षकाला पंधरवडाभर रोज सकाळी आपल्याच गाडीत शेजारी बसवून हिंजवडीपर्यंतचा रस्ता पक्का करून घेतला.

पहिल्याच महिन्यात तिने उजवा आरसा पार्किंगच्या खांबाला लावला. नवा आरसा हजार-बाराशेत बसला. आणि त्यानंतरच्या रविवारी वहिनीने शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरला. ते मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तिची तारीख पुढच्या महिन्यात, भोसरीच्या ट्रॅकवर आहे. चढावरची गाडी तिला जमायला लागली आहे, उलट्या पार्किंगला अजून दोन-तीनदा पुढे-मागे करावं लागतं. मायलेकी रोज सकाळी सहाला, गर्दी व्हायच्या आत, प्राधिकरणातल्या मोकळ्या रस्त्यांवर सरावाला जातात. दादा अजून बरोबर जात नाही. त्याला वहिनीच्या शेजारी बसायची भीती वाटते असं भाची म्हणते, आणि वहिनी म्हणते, तो नाही आला तर बरंच.